मधला पट्टा

रस्ता ओलांडता यावा म्हणून मी नाटक लिहिलं, हे वाक्य मला प्रत्येकाला दोनदा सांगावं लागतं. पहिल्यांदा सांगितलं की लोकांना वाटतं आपण चुकीचं ऐकलं. दुसऱ्यांदा सांगितलं की वाटतं हाच चुकीचं बोलतोय. तिसऱ्यांदा सांगायची वेळ येत नाही, कारण तोवर समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागलेला असतो. म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकतो.

रस्ता आमच्या इमारतीसमोरचाच. पूर्वी तो साधा रस्ता होता. मग त्याचं रुंदीकरण झालं. रुंदीकरणात सिग्नल गेला, मधला कठडा गेला, पादचाऱ्यांचे पांढरे पट्टे नव्या डांबराखाली गेले आणि उरली फक्त वाहनं. ती दोन्ही बाजूंनी अशी धावतात की जणू पलीकडच्या टोकाला काहीतरी फुकट वाटतायत. आमच्या बाजूला आमची इमारत आणि बरोबर समोर सभागृह. त्या सभागृहात हौशी नाटकवाल्यांची रोज संध्याकाळी तालीम चालते आणि त्या तालमीत माझी आत्या प्रॉम्प्टर आहे. होती, असं त्या दिवसांत म्हणायला हवं होतं, पण घरात कुणाची तशी हिंमत नव्हती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती आमच्याकडेच असते. उभ्या जन्मात ती रंगमंचावर एकदाही आली नाही आणि तिच्याशिवाय तिथलं एकही नाटक झालं नाही. विंगेत उभं राहायचं आणि नट वाक्य विसरला की ते त्याच्या कानात सोडायचं, हे तिचं काम. तिची कुजबुज ही एक चीज आहे. ती नटाच्या कानापर्यंत जाते आणि पहिल्या रांगेच्या अलीकडे थांबते. घरीसुद्धा माझं आणि बायकोचं वाजलं आणि कुणाला शब्द सुचेनासा झाला, की स्वयंपाकघरातून तो येतो. बहुतेक वेळा तो बायकोसाठी असतो.

रुंदीकरणानंतर पहिल्याच संध्याकाळी आत्या पिशवी घेऊन निघाली. मी गॅलरीत होतो. ती कडेला उभी राहिली. एक पाऊल पुढे टाकलं, मागे घेतलं. पुन्हा टाकलं, पुन्हा घेतलं. मी खाली जायला चपला शोधेपर्यंत ती वर परत आली होती.

"आज पाय दुखतोय जरा," ती म्हणाली.

त्यानंतर तिचा पाय रोज संध्याकाळी, बरोबर तालमीच्या वेळेला दुखायला लागला. सकाळी दुखत नसे. जिने चढताना दुखत नसे. मी हात धरून पलीकडे सोडतो म्हणालो, तर म्हणाली, "मला कुणी हात धरून नेलेलं नटांनी बघितलं, तर उद्या माझ्यावर विसंबतील का?" तालमीच्या वेळेला ती गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या सभागृहाकडे बघत बसायची आणि तिचे ओठ हलत असायचे. मला ते बघवत नसे.

"त्यांच्या पायाला काही झालेलं नाही. रस्त्याला झालंय," बायको म्हणाली. माझी बायको कमी बोलते आणि त्यात माझ्या उपयोगाचं नेमकं सगळं सांगून टाकते, त्यामुळे मला स्वतःला काही शोधून काढल्याचं समाधान मिळत नाही.

मी पालिकेला अर्ज केला. उत्तर आलं, 'आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आला आहे.' मी एका कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात आहे. तक्रारींना उत्तरं लिहिणं हेच माझं काम, आणि हेच वाक्य मी स्वतः रोज लिहितो. त्याचा अर्थ मला जितका कळतो तितका फार थोड्या लोकांना कळत असेल.

मग मी सल्ले घेतले. घेतले म्हणजे काय, ते येतच होते. तळमजल्यावर दंतवैद्य आहेत. समोरच्याच्या तोंडात हात घालून प्रश्न विचारायची त्यांना सवय असल्यामुळे उत्तर ऐकायची सवय राहिलेली नाही. त्यांचं म्हणणं होतं की आत्यांनी दातांच्या तपासणीला येऊन जावं, पुष्कळ गोष्टींचं मूळ तिथे असतं. आमच्या वरच्या मजल्यावर मोर्चाकाकू राहतात. हे नाव आमच्या इमारतीने ठेवलेलं आहे आणि त्यांना ते ठाऊक आहे आणि आवडतंही. शहरातली अशी एकही मागणी नाही की जिच्यासाठी त्या कधी उन्हात उभ्या राहिलेल्या नाहीत. त्यांच्या दारामागे छत्र्यांच्या जागी फलक असतात.

काकूंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची भूमिका काय?"

"रस्त्यावर पट्टे हवेत," मी म्हणालो.

"ही मागणी झाली. भूमिका काय?"

मला भूमिका नव्हती. तसं सांगायची लाज वाटली म्हणून मी म्हटलं, विचार करून सांगतो. काकू म्हणाल्या, "रस्त्याचा प्रश्न रस्त्यावरच मांडायचा. पथनाट्य करू. तुम्ही पत्रं लिहिता ना, मग नाटकही लिहा."

इथे माझा घात झाला. इतकी वर्षं 'आपले पत्र मिळाले' लिहीत आलो, पण आतून मला आपण लेखक आहोत असा दाट संशय होता. मी रविवारभर बसून नाटक लिहिलं. साधंच होतं. एक पादचारी, त्याला पलीकडे जायचंय, वाहनं त्याला जाऊ देत नाहीत. पादचारी मी स्वतः करणार होतो. शेवटी त्याचं एक मोठं भाषण होतं आणि ते मी आंघोळीच्या वेळी म्हणून बघितलं होतं.

वाचनाची पहिली बैठक आमच्याच बैठकीच्या खोलीत झाली. सगळ्यांना नाटक आवडलं, फक्त त्यात थोडी भर हवी होती. काकू म्हणाल्या, पादचारी पाणीटंचाईबद्दल काहीच बोलत नाही, हे खटकतं. तिसऱ्या मजल्यावर दोघी बहिणी शिवणकाम करतात. त्या म्हणाल्या, झाडांचं काय? दंतवैद्य म्हणाले, पादचाऱ्याची दाढ दुखत असली तर त्याचं पलीकडे जाणं अधिक निकडीचं वाटेल. मी सर्वसमावेशक माणूस असल्यामुळे नाही म्हणू शकलो नाही. दुसऱ्या बैठकीत माझा पादचारी हातात झाडाचं रोप आणि रिकामी बादली घेऊन गालाला रुमाल बांधून उभा होता आणि त्याला कुठे जायचंय हे कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

तिसऱ्या बैठकीत काकू म्हणाल्या, "पादचारी पुरुषच का?"

मी म्हटलं, "कारण तो मी आहे."

"पुरुषांनी आजवर मंच पुष्कळ अडवलाय," काकू म्हणाल्या. दोघी बहिणींनी मान डोलावली. माझ्या बायकोनेही डोलावली, ती तर नाटकात नव्हतीसुद्धा. पादचारी काकूंकडे गेला. दंतवैद्यांना वाहन मिळालं, कारण त्यांच्याकडे हॉर्न होता. राहिलो मी आणि दोघी बहिणी. आम्ही पुसले गेलेले तीन पट्टे व्हायचं ठरलं. पांढरे कपडे घालून रस्त्यावर आडवं पडून राहायचं. माझी ज्येष्ठता लक्षात घेऊन मला एक वाक्य दिलं, 'मी पट्टा आहे, पण मी इथे नाही.' ते वाक्य माझंच होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

"मी पट्टा झालोय," मी रात्री जेवताना बायकोला सांगितलं.

"कितवा?"

"मधला."

"मधला बरा," ती म्हणाली आणि भाजी वाढली. नाटकाची वही टेबलावर पडलेली होती, ती आत्याने नुसती सरळ करून ठेवली.

आता परवानगी. रस्त्यावर काही करायचं तर पालिकेची परवानगी लागते आणि ती मागण्याचा अधिकार अर्थातच माझ्याकडे आला. बायको म्हणाली, "सरळ लिही, 'आम्हाला रस्त्यावर नाटक करायचंय.'" सरळ लिहिलेला अर्ज सरकारदरबारी कुणी हातात तरी धरेल का? मी लिहिलं, 'विषय : पथ-नाट्य प्रयोग करणेस मंजुरी मिळणेबाबत.' खाली आमच्या इमारतीसमोरच्या रस्त्याचा पत्ता, तारीख आणि पात्रांची संख्या दिली. पथ आणि नाट्य यांच्यामध्ये मी जी आडवी रेघ दिली ती केवळ सौंदर्यदृष्टीने दिली होती. पुढे जे काही झालं ते त्या रेघेमुळे झालं.

पालिकेत सांस्कृतिक कार्यक्रमांची खिडकी बंद होती. शेजारच्या खिडकीवर एक कारकून होते. त्यांच्यापुढे संगणक होता आणि दोघांचं फारसं पटत नसावं असं दिसत होतं. त्यांनी अर्ज वाचला.

"पात्रे पाच," ते म्हणाले. "आणि अपात्र?"

"अपात्र कुणी नाही," मी म्हणालो.

"असं कसं? असतंच कुणीतरी."

मला दंतवैद्य आठवले. कारकुनांनी शून्य भरलं. मग ते संगणकाकडे बराच वेळ बघत राहिले. "विषय निवडायला सांगतोय. पाणी, दिवे, उद्यान, पथ, मोकाट कुत्री. नाट्य नाही यात."

"पथ आहे ना? पथ-नाट्य."

"पथ घेतो. आता पथाचं नाव विचारतोय. नाव दिल्याशिवाय पुढे जात नाही हा." त्यांनी पुन्हा अर्जात डोकं घातलं. पथ, आडवी रेघ, नाट्य. त्यांचा चेहरा उजळला. "आहे की इथे," ते म्हणाले आणि काहीतरी भरलं. "आणि हे प्रयोग म्हणजे प्रायोगिकच ना?"

मला वाटलं ते कौतुक करतायत. मी म्हटलं, "प्रयत्न तर तोच आहे."

आठवडाभरात मंजुरी आली. इतक्या लवकर पालिकेकडून आजवर आमच्या इमारतीत फक्त पाणी बंदची सूचना आली होती. मी सगळ्यांना बोलावून ती मोठ्याने वाचली. 'नाट्य पथ येथे प्रायोगिक तत्त्वावर काम करणेस मंजुरी देण्यात येत आहे.' काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

"प्रायोगिक म्हणालेत आपल्याला," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं मी पथनाट्यं करतेय. सरकारी कागदावर प्रायोगिक रंगभूमी म्हणून पहिल्यांदा मान मिळाला."

"पण नाट्य पथ?" धाकटी बहीण म्हणाली. "उलटं झालंय ना ते?"

"सरकारी लोक विशेषण मागून लावतात," मी अधिकारवाणीने सांगितलं. मी पत्रव्यवहारातला माणूस. माझ्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. 'काम करणेस' यावर शंका घ्यायचा तर प्रश्नच नव्हता, नाटकात माणूस कामच करतो. खाली एक अट होती, 'काम संपल्यावर रस्ता वाहतुकीस खुला करावा.' ती वाचून दंतवैद्य म्हणाले की पालिकेने आपल्या नाटकाकडून फार अपेक्षा ठेवलेल्या दिसतात.

प्रयोगाच्या सकाळी आम्ही खाली उतरलो आणि उभेच राहिलो. रस्ता रिकामा होता. दोन्ही टोकांना लोखंडी अडथळे लावलेले होते आणि त्यांच्यावर फलक, 'काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

"प्रयोगाच्या आधीच क्षमा मागितलीय. ही पद्धत सगळ्यांनी घ्यायला हवी," दंतवैद्य म्हणाले. काकूंना मात्र हा बहुमानच वाटला. आपल्यासाठी त्यांनी रस्ता अडवला, एरवी आपण त्यांच्यासाठी अडवतो, असं त्या दोनदा म्हणाल्या.

अडचण लगेचच लक्षात आली. आमचं नाटक वाहनांच्या भयंकर गर्दीबद्दल होतं आणि गर्दी आणायची कुठून? 'बघा, जिवावर उदार होऊन मी हे पाऊल टाकते आहे,' असं म्हणून काकूंनी पाऊल टाकलं तेव्हा चारही दिशांना शुकशुकाट होता. एक कुत्रा रस्त्याच्या मधोमध उन्हात झोपलेला होता, त्याने मान वर करून बघितलं आणि परत ठेवली. दंतवैद्य हॉर्न वाजवत एकटेच इकडून तिकडे पळत होते. गॅलऱ्यांतून बघणाऱ्यांत हसू फुटलं. सभागृहातले नाटकवाले पायऱ्यांवर येऊन उभे राहिले होते. ते हसत नव्हते. व्यवसायबंधू हसत नसले की जास्त लागतं.

आणि मग माझं वाक्य आलं. मी गादीच्या खोळीसारखं काहीतरी पांढरं घालून पाठीवर आडवा होतो. वर आकाश, खाली डांबर. दोघी बहिणी दोन्ही बाजूंना. काकू माझ्याकडे बघून थांबल्या. मी तोंड उघडलं आणि माझ्या डोक्यात एका शब्दाचाही पत्ता नव्हता. मी लिहिलेलं, मी आंघोळीत म्हटलेलं, माझं एकुलतं एक वाक्य. मला फक्त 'आपले पत्र मिळाले' आठवत होतं आणि मी ते म्हणणारसुद्धा होतो.

तेवढ्यात कानाशी आवाज आला. "मी पट्टा आहे."

कुजबुज होती. मी मान वळवली. आमच्या बाजूच्या कडेला आत्या उभी होती, घरातल्या चपला घालून. ती कधी खाली आली कुणी बघितलं नव्हतं. तिच्या हातात वही नव्हती, लागतही नव्हती.

"मी पट्टा आहे," मी म्हणालो आणि पुढचं पुन्हा गेलं.

नट अडकलेला असताना आत्या उभ्या जागी थांबू शकत नाही. ती चार पावलं पुढे आली. "पण मी इथे नाही," तिने दिलं. मी म्हटलं. मग काकू पाणीटंचाईच्या भागात अडकल्या, कारण तो भाग खरंच कुणालाच पाठ होण्यासारखा नव्हता. आत्या आणखी पुढे आली, माझ्या डोक्याच्या बाजूने, झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून. प्रॉम्प्टरने डाव्या विंगेत उभं राहायचं असतं, असा तिचा नियम आहे आणि आमची डावी विंग सभागृहाच्या बाजूला येत होती. ती तिथे गेली. पदपथावर चढली, खांबाआड उभी राहिली आणि नाटक शेवटपर्यंत ओढून नेलं. एकदाही तिने खाली रस्त्याकडे बघितलं नाही. तिने रस्ता ओलांडला होता आणि तिला ते माहीत नव्हतं.

मी आडवाच होतो. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि पाठीवर झोपलेल्या माणसाचं पाणी कानात जातं.

नाटक संपल्यावर नाटकवाल्यांनी आत्याला घेरलं. ते तिला आत घेऊन गेले आणि सभागृहाचं दार बंद झालं. टाळ्या वाजल्या त्या बहुतेक तिच्यासाठीच होत्या. आम्ही कपडे झटकत असतानाच अडथळ्यापलीकडून एक टेंपो आला. त्यातून रंगाचे डबे, ब्रश, दोन कामगार आणि एक मुकादम उतरला.

"नाट्य पथ हाच ना?" मुकादमाने विचारलं. "अर्जदार कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. चळवळीत एकजूट असते ती अशी.

"काम करायला आलोय," मुकादम म्हणाला. "पण काय काम ते वरून लिहून आलेलं नाही. नुसतं प्रायोगिक म्हणून आलंय. तुम्ही अर्ज केलाय म्हणजे तुम्हाला माहीत असेल. फक्त डांबर मागू नका. पांढरा रंग आहे, पांढऱ्यात होईल असं सांगा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नाट्य नावाचा पथ. प्रायोगिक तत्त्वावर. काम. मी मंजुरीचा कागद पुन्हा वाचला आणि या वेळी तो मला पालिकेच्या डोळ्यांनी दिसला. काकूंनीही माझ्या खांद्यावरून वाचला. प्रायोगिक रंगभूमीचा मान त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरताना मला बघावा लागला.

मी प्रामाणिक माणूस आहे. मी खरं सांगायला तोंड उघडलं की साहेब, चूक झालीय, आम्हाला फक्त नाटक करायचं होतं. पण मुकादम म्हणाला, "काम नसेल तर तसं सांगा. आत्ता अडथळे काढतो आणि जातो." मी सभागृहाच्या बंद दाराकडे बघितलं. अडथळे निघाले की वाहनं येणार. आत्या बाहेर येणार, कडेला उभी राहणार, एक पाऊल पुढे टाकून मागे घेणार. मग तिला कुणीतरी हात धरून आणणार, सगळ्या नटांच्या देखत. त्यानंतर ती कधीच पलीकडे गेली नसती, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

"पट्टे मारायचेत," मी म्हणालो. "पादचाऱ्यांसाठी. इथून तिथपर्यंत."

"मारू की," मुकादम म्हणाला. "आखणी कुठाय?"

"कसली?"

"आखणी केल्याशिवाय ब्रश टेकवायचा नाही, नियम आहे. आमचा आखणीवाला आज आलेला नाही. तुमच्याकडे आखून ठेवलेलं काही असेल तर दाखवा."

आमच्याकडे रोप होतं, बादली होती, हॉर्न होता. आखणी नव्हती. माझ्या मागून काकूंचा आवाज आला, अगदी हळू. "आता तुमची भूमिका काय?"

माझी भूमिका पट्ट्याची होती. ती मी घेतली. रस्त्याच्या बरोबर मध्यावर गेलो, हात अंगाशी धरले आणि आडवा झालो. "हा एक पट्टा," मी मुकादमाला सांगितलं. "याच्याभोवती खडूने रेघ मारा."

मुकादमाने डोकं खाजवलं. "प्रायोगिक म्हणजे हे होय," तो म्हणाला आणि खडू काढला.

दोघी बहिणी माझ्या दोन बाजूंना अंतर सोडून झोपल्या. पण रस्ता रुंद होता, तीन पट्ट्यांनी भागत नव्हतं. दंतवैद्य हॉर्न ठेवून आडवे झाले. काकू म्हणाल्या, पादचाऱ्याने पट्टा होणं हे तत्त्वतः चूक आहे, आणि झोपल्या. इमारतीतले लोक गॅलरीतून उतरून आले, जे मघाशी हसत होते तेही. पलीकडून नाटकवाल्यांपैकी दोघे-चौघे आले, त्यांना तर मेल्याचं सोंग आणायची सवयच होती. शेवटी माझ्या शेजारची एक जागा राहिली. तिथे बायको येऊन झोपली.

"कित्येक वर्षांत आपण असे निवांत पडलो नव्हतो," मी म्हणालो.

"पोट आत घे," बायको म्हणाली.

मी पोट आत घेतलं. खडूवाला कामगार पलीकडच्या टोकापासून सुरुवात करून एकेकाची रेघ ओढत येत होता, आणि अतिशय मन लावून ओढत होता. दंतवैद्यांशी तो दाढेबद्दल बोलूनही आला. मी श्वास धरून होतो. माणूस किती वेळ श्वास धरू शकतो याला मर्यादा आहे, आणि ती बरोबर तो माझ्या कमरेशी पोहोचला तेव्हा आली.

दुपारपर्यंत रंग वाळला. अडथळे निघाले, वाहनं आली आणि पहिलीच गाडी पट्ट्यांपाशी करकचून थांबली. नियमाच्या आदराने नव्हे. असले पट्टे तिच्या चालकाने कधी बघितले नव्हते. काही बारीक, काही लांब, एका पट्ट्याला कोपर होतं. आणि मधला पट्टा दोन्ही टोकांना पट्ट्यासारखा असून मध्यावर फुगलेला होता. प्रत्येक गाडी तिथे येऊन हळू होत होती आणि आतले लोक वाकून बघत होते.

संध्याकाळची तालीम आटोपली आणि सभागृहाचं दार उघडलं. आत्या बाहेर आली. आम्ही सगळे आमच्या बाजूला उभे होतो आणि कुणीही तिच्याकडे बघत नसल्याचं दाखवत होतं. ती कडेला आली. वाहनं बघून तिचा चेहरा बदलला. एक पाऊल पुढे टाकलं. आता मागे घेणार, असं मला वाटलं. तेवढ्यात तिची नजर खाली गेली. तिने पट्टे बघितले, एकेक करून, माणसं ओळखावीत तसे. दोन्हीकडची वाहनं थांबलेली होती. ती निघाली, घाई न करता. मधल्या पट्ट्यावर आल्यावर ती थांबली, तो नीट न्याहाळला आणि मग इकडे आली.

"पाय कसा आहे?" बायकोने विचारलं.

"पायाला काय झालंय?" आत्या म्हणाली आणि जिना चढायला लागली.

त्यानंतर महिनाभराने पालिकेने आमच्या कोपऱ्यावर निळी पाटी लावली, 'नाट्य पथ'. तिच्या पाठोपाठ एक अभियंता टेप घेऊन आला. तो पट्ट्यांवरून दोन फेऱ्या मारून माझ्यापाशी आला. मी नेमका खालीच होतो. कंपनीत असतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

"हे पट्टे कुणाचे?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं. नेहमीसारखं सगळं गेलं. अर्ज, मंजुरी, अटी, काही म्हणजे काही आठवेना. तालमीची वेळ होती आणि आत्या पिशवी घेऊन माझ्या मागे उभी होती.

"पालिकेचे," कानाशी कुजबुज आली.

"पालिकेचे," मी म्हणालो.

"प्रायोगिक तत्त्वावर."

"प्रायोगिक तत्त्वावर," मी म्हणालो.

अभियंत्याचं समाधान झालं. आपल्याच कार्यालयाचे शब्द ऐकले की माणसाला बरं वाटतं. त्याने टेप गुंडाळली, आणि मग पुन्हा सोडली. "बाकीचे चालतील एक वेळ," तो म्हणाला. "वाहनं थांबतायत म्हणजे उपयोग होतोय. पण हा मधला पुसून नीट करायला लागेल. हा प्रमाणात नाही."

मला त्यात गैर काही वाटलं नाही. उलट सुटलो असंच वाटलं. रोज सकाळी बसला जाताना स्वतःचं पोट रस्त्यावर बघून जायचं, हे काही सुखाचं नव्हतं. मी हो म्हणणार होतो.

पण आत्या पुढे आली. साऱ्या आयुष्यात जिचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे गेला नाही, ती त्या दिवशी समोरच्या सभागृहातल्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"तो लहानपणापासूनच प्रमाणात नाही," ती म्हणाली. "राहू द्या. मी त्याच्याच भरवशावर पलीकडे जाते."

आणि हात वर करून तिने दोन्हीकडची वाहनं थांबवली आणि माझ्यावरून तालमीला गेली.